उजळाच्या लग्नाची बैठक

सगळं जग जळून खाक झालं, अकरा माणसं उरली आणि त्यांच्यात लग्न निघालं, तर मानाचा फेटा आधी कुणाला बांधायचा, या प्रश्नावरून माझं आणि गणपतरावांचं बोलणं बंद झालं. तुम्ही म्हणाल, माणसं रिकामटेकडी असणार. अजिबात नाही. गणपतराव हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि मी एका सरकारी कचेरीत वजनकाटे तपासायचो. दोघांच्याही पेन्शनीला अवकाश होता, आणि दारासमोर दार असा वीस वर्षांचा शेजार होता.

दोष असलाच तर त्या कादंबरीचा. ‘पृथ्वी निवल्यावर’ न वाचलेला माणूस कोल्हापुरात भेटला तर तो कालच्या गाडीने उतरलाय असं समजावं. तरी गोष्ट सांगून ठेवतो. लाल वारा सुटतो, पृथ्वी होरपळून निघते, आणि एका डोंगरावर अकरा माणसं वाचतात. त्यात बिजा आणि उजळा ही दोन पाळण्यातली पोरं. त्यांचे आईबाप वाऱ्यात गेलेले. ही माणसं चूल पेटवतात, भात पेरतात, भांडतात आणि पुन्हा एकाच चुलीवर जेवतात. शेवटच्या पानावर कळती झालेली ती दोन पोरं पहिल्यांदा डोंगर उतरायला लागतात. ‘खाली कोण भेटेल हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही कुणाचे असं विचारणारंही कुणी उरलं नव्हतं.’ संपली कादंबरी. या वाक्याशी मी भलीभली माणसं रडताना पाहिली आहेत. त्यात मापात मारणारे दोन व्यापारीही होते.

डोंगर कुठला ते लेखकाने सांगितलेलं नाही. त्यामुळे तो जोतिबाचा म्हणणारे आणि तो पन्हाळा म्हणणारे असे शहरात दोन पक्ष पडले आहेत. एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला या मुद्द्यावर खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या, पण तो विषय वेगळा.

मला त्या कादंबरीत भावली ती वेगळीच गोष्ट. तिच्यात कुणालाही आडनाव नाही. ज्यांची आडनावं सुखाची आहेत त्यांना यातली गंमत कळणार नाही. मी दुकानात काटा तपासायला गेलो की "या या साहेब" होतं, खुर्ची पुसली जाते, पोऱ्याला चहा सांगितला जातो. मग "साहेबांचं आडनाव काय म्हणायचं?" येतं. मी सांगतो. चहा येतो, येत नाही असं नाही. पण शेठजींचा कपबशीतून आणि माझा प्लास्टिकच्या ग्लासातून. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही एव्हाना अंदाज बांधायला लागलाच असाल, तर बांधा. छप्पन्न साली वडिलांनी धर्म बदलला तेव्हा घाईत आडनाव बदलायचं राहून गेलं, असं ते हसत हसत सांगायचे.

गणपतराव मात्र पुरोगामी माणूस. रोज संध्याकाळी आमच्याकडे, आमच्याच कपातून चहा. शाळेत ‘पृथ्वी निवल्यावर’मधील आडनावविहीन समाजाची भूमिका या विषयावर दरवर्षी तासभर व्याख्यान. त्यांच्या पत्नी श्यामलावहिनीही स्वभावाने गोड. दिवाळीला आमची मीना ताट भरून बोलवायची, तेव्हा वहिनी हमखास "आत्ताच जेवून उठले बाई, डब्यात द्या" म्हणायच्या. वीस वर्षं त्या आत्ताच जेवून उठत होत्या. त्या डब्यांचं पुढे काय व्हायचं हे मी कधी विचारलं नाही. शेजार टिकवायचा तर काही प्रश्न न विचारलेले बरे.

साल नव्व्याण्णव. दोन हजार लागताच कॉम्प्युटर बंद पडून जग बुडणार अशी हवा होती. गणपतरावांचा सौमित्र शाहूपुरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा आणि जग बुडू नये म्हणून बऱ्याच कचेऱ्यांमध्ये रात्रंदिवस खपत होता. अशा वातावरणात एका संध्याकाळी गणपतराव चहाचा कप ठेवत म्हणाले, "दादासो, या कादंबरीला दुसरा भाग पाहिजे होता हो. लेखक लवकर गेले."

आणि मी म्हणून गेलो, "मी लिहितो."

माणसाच्या तोंडून कधी कधी असं काहीतरी निघून जातं. आत मीनाच्या हातून भांडं पडलं. बाबांना बोलवायला म्हणून आलेला सौमित्र आणि चहा द्यायला आलेली आमची संघप्रिया यांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, माझ्या प्रतिभेबद्दलचा आदर असेल.

संघप्रियाबद्दल इथेच सांगतो, कारण माझ्या जिवाला घोर होता तो तिचा. सत्तावीस वर्षांची, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि येईल त्या स्थळाला नाही म्हणते. कारण विचारलं तर "अजून नको" एवढंच. मुलं चांगली होती, आपल्यातली होती, एक तर बँकेत अधिकारी होता. तिची आई गप्प झाली होती. मीना गप्प बसली की घरात काहीतरी मोठं शिजतंय, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. पण मी नवनिर्मितीत होतो.

सरकारी नोकराला कादंबरी लिहायची तर परवानगी घ्यावी, असा सल्ला कचेरीतल्या हितचिंतकांनी दिला. मी अर्ज केला. महिन्याभराने वरून विचारणा आली: ‘सदर कादंबरीत पृथ्वी नष्ट झाल्याचे दर्शविले असल्याचे समजते. नष्ट होतेवेळी शासन अस्तित्वात होते किंवा कसे? असल्यास शासनाने केलेल्या उपाययोजनांचा उल्लेख कोणत्या प्रकरणात आहे? नसल्यास आपण सेवेत कसे, याचा खुलासा करावा.’ मी खुलासा केला की पृथ्वी आधीच्या लेखकाच्या काळात नष्ट झाली असून माझा त्यात सहभाग नाही. त्यावर आधीच्या लेखकाचे ना हरकत पत्र जोडावे, असं उत्तर आलं. लेखक वारलेले आहेत, असं मी कळवलं. तर मग त्यांच्या वारसाचे जोडावे.

वारस म्हणजे त्यांची पत्नी शालूबाई. त्या शाहूवाडीकडे एका वाडीत राहतात हे आम्हाला आमच्या सोसायटीचे चेअरमन केरबा तात्या यांच्याकडून कळलं. तात्या त्याच भागातले, भाताचे व्यापारी. सत्तरी गाठली तरी आवाज तालमीतला. त्यांच्याच जीपमधून आम्ही तिघे गेलो. शालूबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. पायाने रेघा ओढायचं काम त्यांनी आमच्यासाठी थांबवलं नाही.

"वैनी," तात्या ओरडले, "हे पावणं कोल्हापुरास्नं आल्यात. मास्तरांच्या पुस्तकाचा दुसरा भाग लिवायचा म्हंत्यात."

"लिवा की. मी कोन न्हाय म्हननारी? पर दोन गोष्टी हायत." म्हातारीने रेघ पुरी केली. "येक, मानसं मारायची न्हाईत. अकराच उरल्यात. आनि दुसरं, त्या पोरापोरीचं लगीन लावा. पंचवीस वर्सं झाली, ह्येंनी पोरं डोंगराच्या मधी सोडली आनि आपन गेलं. येईल त्यो मला इचारतो, पुढं काय झालं म्हनून. मी काय सांगू?"

गणपतरावांनी वही उघडली. "वहिनी, पात्रांना आडनावं न देण्यामागे मास्तरांची नेमकी भूमिका काय होती?"

"भूमिका कसली? पयल्यांदा घातलीवती की आडनावं. मला वाचून दावली. मी म्हटलं, एवढं समदं जग जाळलासा, मग आडनावं कशी ऱ्हायली? तर म्हनले, व्हय की गं. आनि बसून खोडली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी घालू नगासा."

परतीच्या वाटेवर गणपतरावांनी वही पिशवीच्या तळाशी सारली. त्यांचं तासाभराचं व्याख्यान त्या अंगणात वाळत पडलं होतं. मी मात्र खुशीत होतो. दोन अटी, दोन्ही सोप्या. मारायचं कुणाला नाही आणि लग्न लावायचं. त्यात काय अवघड आहे, असं मला वाटलं. आपल्याकडे लग्नापेक्षा माणसं मारणं सोपं जातं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर वाचन सुरू झालं. सोसायटीत बिऱ्हाडं अकरा, आणि डोंगरावर माणसंही अकरा. त्यामुळे प्रत्येकाने एकेक माणूस आपला म्हणून वाटून घेतला. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी डोंगरावर निदान एक खांब शाबूत दाखवावा असा आग्रह धरला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या गेलेल्या सासूचा स्वभाव एका म्हातारीला द्यावा अशी विनंती केली. पुढच्या रविवारी तो कमी करावा अशीही केली. केरबा तात्यांचं म्हणणं एकच होतं. "बकरं न्हाय? समदी बकरी जळली? आवो, मग लगीन कशाचं करताय, बारसं करा!" शालूबाईंनी माणसांचा आकडा सांगितला होता, बकऱ्यांचा नव्हता, असा अर्थ काढून मी एक बोकड जिवंत ठेवला. साहित्यिकाला तडजोडी कराव्या लागतात.

वाचनाला संघप्रिया आणि सौमित्रही यायचे. पाण्याच्या टाकीला टेकून बसायचे. नवी पिढी वाचत नाही म्हणतात, त्यांनी आमच्या गच्चीवर यायला हवं होतं. "बाबा, लग्नाचं प्रकरण कधी?" असं संघप्रिया दर आठवड्याला विचारायची.

"डोंगरावरच्या पोरीचं स्थळ जमवा," मीना भाकरी थापता थापता म्हणाली, "घरातल्या पोरीला डोळे भरून बघू नका."

लग्नाचं प्रकरण आलं आणि तिथेच माशी शिंकली. मी लिहिलं होतं की बिजा आणि उजळाला मधे उभं करून सगळे भोवती बसले. गणपतरावांनी हात वर केला.

"दादासो, मानाचा फेटा आधी बिजाच्या बाजूच्या वडीलधाऱ्याला बांधला पाहिजे. मुलाची बाजू आहे. आणि बिजा शेवटी आपल्यातला."

"आपल्यातला म्हणजे?"

"म्हणजे संस्कारातला. पहिल्या भागात बघा ना, जेवायच्या आधी तो पानाभोवती पाणी फिरवतो."

"पानाला मुंग्या लागू नयेत म्हणून!" माझा आवाज चढला. "ते वाचलंत आणि विहिरीचं नाही वाचलंत? पहिल्यांदा विहीर दिसते तेव्हा तो लांब थांबतो. पुढे जात नाही, इकडेतिकडे बघतो. का थांबतो? कुणाचं पोरगं विहिरीशी असं थांबतं?"

"विहिरीला कठडा नव्हता म्हणून थांबतो!"

वीस वर्षं आम्ही दोघं एकच कादंबरी वाचतोय असा माझा समज होता. गणपतरावांनी बिजाला पहिल्या पानापासून त्यांच्या देवघरात बसवलं होतं आणि मी त्याला आमच्या भिंतीवरच्या तसबिरीखाली. बिचाऱ्या लेखकाने आडनाव खोडलं, आणि त्या मोकळ्या जागी आम्ही दोघांनी आपापलं लिहून ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण ते सांगण्याऐवजी मी म्हणालो, "व्याकरण शिकवणाऱ्याने साहित्यात पडू नये." ते म्हणाले, "आणि काटे तपासणाऱ्याने लेखनात."

बोलणं बंद. संध्याकाळचा चहा बंद. त्यांचा कप मीनाने फळीवर पालथा घालून ठेवला. माझी मान त्यांच्या दाराकडे वळू नये म्हणून मी जिना उतरताना कायम डावीकडच्या मीटरच्या खोक्याकडे बघायचो, त्यामुळे सोसायटीत कुणाची किती वीज जळते हे मला पाठ झालं. सौमित्र तेवढा येत राहिला. कधी बाबांचा चष्मा राहिलाय का बघायला, कधी विरजण मागायला. श्यामलावहिनींचं दही अलीकडे फार नासायला लागलंय, असं मला वाटलं.

इकडे शालूबाईंचे निरोप तात्यांमार्फत येऊ लागले. ‘लगीन झालं का?’ एवढाच मजकूर. मी पाटावर बसून कोरे कागद बघायचो. त्या म्हातारीला शब्द दिला होता. आणि गणपतरावांशिवाय एक ओळ सुचत नव्हती, हेही खरं होतं. भांडायला तोलामोलाचं माणूस नसेल तर लिहायचं कुणासाठी?

शेवटी केरबा तात्यांनी चेअरमनच्या अधिकारात मध्यस्थी केली. "आसं लांब बसून लगीन ठरतंय व्हय? रीतसर बैठक घ्या. पोराकडची ह्या अंगाला, पोरीकडची त्या अंगाला. काय मागायचं ते मागा, काय भांडायचं ते भांडा, आनि एकदाचं उरका. म्हातारी मला गावात शिरू देईना."

रविवारी गच्चीवर सतरंज्या अंथरल्या गेल्या. बिजाची बाजू गणपतरावांनी घेतली. मी उजळाची घेतली, कारण पोरीचा बाप होण्याची सवय मला होतीच. मधे तात्या, पुढ्यात तबक, तबकात साखर. अर्धी सोसायटी त्यांच्याकडे बसली, अर्धी माझ्याकडे. चहाला संघप्रिया आणि सौमित्र होतेच.

गणपतरावांनी घसा साफ केला. "मुलीकडच्यांनी लग्न करून द्यावं ही रीत आहे."

"मुलीकडचे आहेत कोण? अकरा माणसं एका चुलीवर जेवतात," मी म्हणालो. "तुम्ही आमच्याकडे मागणार, म्हणजे तुमच्याच कणगीतलं मागणार."

हे गणपतरावांना पटलं. विद्वान माणसाचा एक गुण असतो, मुद्दा पटला की तो स्वतःच सुचल्यासारखा पुढे नेतो. "बरोबर. म्हणजे हुंडा नाही, मानपान नाही. फेटा कुणालाच नको, किंवा सगळ्यांना."

"सगळ्यांना कापड कुठलं? नकोच."

श्यामलावहिनी म्हणाल्या, "मंगलाष्टका तरी? पोरगी काय पळून आलीय?"

"म्हणणारा कोण?" मीनाने विचारलं. "अकरातला भटजी कुठला, हे आडनावाशिवाय कसं ओळखणार?"

वहिनी विचारात पडल्या. मी उदार होऊन म्हणालो, "आम्हीही वंदनेचा आग्रह धरत नाही." मग असं ठरलं की सगळ्यांनी भोवती उभं राहावं, दोघांनी रानफुलांचे हार घालावेत आणि सगळ्यांनी एका आवाजात ‘आमची साक्ष आहे’ म्हणावं. नांदायचं कुणाकडे, तर वेगळ्या गुहेत. उजळा आमच्यात रुळेल का, अशी शंका बिजाच्या बाजूच्या एका बाईंनी काढली, तेव्हा गणपतराव कडाडले, "अकरा माणसांत ‘आमच्यात’ म्हणजे कुणात? अहो, जग जळलं तरी तुमचं हे जात नाही?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जुने गणपतराव परत आले होते. माझे डोळे भरून आले.

बोकडावर मात्र बराच वेळ गेला. एकच बोकड, तो कापला तर पुढे वंश कसा वाढणार, असा वीज मंडळाचा तांत्रिक आक्षेप होता. बोकड राखून भातावर भागवावं की तो कापून रस्सा पातळ करून सगळ्यांना पुरवावा, यावर गच्ची दणाणली. अखेर तात्यांनी शेळ्यांचा आख्खा कळप डोंगराच्या पलीकडे सापडला असं जाहीर केलं. मी ते लिहून घेतलं.

"आता कुनाची हरकत?" तात्यांनी दोन्हीकडे बघितलं. "पोराचा बाप?"

"नाही," गणपतराव.

"पोरीचा बाप?"

"नाही," मी.

तात्यांनी बंडीच्या खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि खटकन फोडली. "फुटली सुपारी! शब्द म्हंजे शब्द!" आमच्याकडे सुपारी फुटली की तो सौदा देवालाही मोडता येत नाही म्हणतात. साखर वाटली गेली. गणपतरावांनी मला मिठी मारली. मी त्यांना म्हणालो, "उद्या चहाला या." ते म्हणाले, "कप धुऊन ठेवा."

तेवढ्यात टाकीजवळून सौमित्र आणि संघप्रिया आले. आधी गणपतरावांच्या पाया पडले, मग माझ्या. लोक हसले. मला वाटलं, पोरं कादंबरी वठवून दाखवताहेत. मी ‘चिरंजीव भव’च्या जवळपासचं काहीतरी म्हणालोही.

"काका," सौमित्र मला म्हणाला, "सुपारी फुटली ना? आमचीही तीच समजा. गेली चार वर्षं कसं विचारावं तेच कळत नव्हतं."

हसू थांबलं. संघप्रिया माझ्याकडे बघत होती. बँकेतला अधिकारी का नको होता, दही का नासत होतं, हे मला तेव्हा कळलं. सोसायटीतल्या बहुतेकांना ते आधीच कळलेलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. मीना साखरेच्या तबकाकडे फार बारकाईने बघत होती.

गणपतरावांचा चेहरा पांढरा पडला. "हे... हे कादंबरीतलं होतं," ते म्हणाले.

"लगीन कादंबरीतलं आसंल," तात्या म्हणाले. "सुपारी माझ्या खिशातली व्हती."

गणपतराव उठले आणि जिना उतरून गेले. चपला गच्चीवरच राहिल्या.

मीही आनंदाने नाचलो नाही. पुरोगामी असण्यात माझा हात धरणारा कुणी नाही असं मला वाटत असे, पण त्या क्षणी मी हरकती शोधत होतो. एकही शिल्लक नव्हती. सगळ्या मीच उजळाच्या वतीने तासाभरापूर्वी खोडून काढल्या होत्या. मग कळलं, हा राग नाही, ही भीती आहे. मी पोरीला खांद्यावर बसवून वाढवलं, ती समोरच्या दारात जाऊन रोज प्लास्टिकच्या ग्लासातून चहा प्यायला नव्हे. संघप्रियाला मी एवढंच विचारलं, "त्या घरात तुला कप मिळेल का गं?" ती म्हणाली, "नाही मिळाला तर मी आणि तो वेगळी गुहा बघू, बाबा. बैठकीत ठरलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. श्यामलावहिनी होत्या. डोळे सुजलेले. हातात डबा नव्हता. त्या माझ्याशी काही न बोलता थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि मीनाच्या समोर जमिनीवर बसल्या.

"काल दुपारपासून पोटात काही नाही," त्या म्हणाल्या. "काय केलंय?"

मीनाने भाकरी आणि मिरचीचा खर्डा वाढला. वहिनी जेवल्या. मधेच ठसका लागला, मीनाने पाण्याचा तांब्या पुढे केला, त्या प्यायल्या. दुसरी भाकरी मागून घेतली. मी दारात उभा राहून हे बघत होतो, आणि मला पुन्हा पुन्हा चष्मा पुसावा लागत होता. वीस वर्षांनी का होईना, वहिनी जेवून उठल्या नव्हत्या.

संध्याकाळी गणपतराव आले. चपला मी वरून आणून आमच्या दारात ठेवल्या होत्या, त्या घालून परत जावं की आत यावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी चपला तिथेच ठेवून आत आले. मीनाने फळीवरचा कप सुलटा केला.

"दादासो," चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "मंगलाष्टका नाहीतच का?"

"ठरलंय ना, कुणाचंच काही नाही."

"एक. एकच. श्यामलेसाठी."

"तुमची एक, तर आमची वंदना."

"घ्या. बकऱ्यावर एवढा वेळ गेला, यावर दोन मिनिटंही गेली नव्हती." मग खाली बघत म्हणाले, "व्याख्यान तासभर देता येतं हो. भाऊबंदांना तोंड द्यायला बळ लागतं. मी देईन. जरा वेळ लागेल."

वेळ लागला. एक जानेवारी आली आणि गेली, जग काही बुडालं नाही. गणपतरावांच्या दोन चुलत भावांनी तेवढा संबंध तोडला. आमच्याकडच्यांनीही "आपल्यात मुलं नव्हती काय?" असं मला तीन बारशांत आणि एका मर्तिकात ऐकवलं. पत्रिका छापायला दिल्या तेव्हा शाहूपुरीतला छापखानेवाला काळजीने म्हणाला, "साहेब, दोन्हीकडची आडनावं घालायची राहिल्यात." मी म्हणालो, तशीच छापा. तो म्हणाला, मग लोक कशाच्या आधारावर येणार?

लग्नाच्या आठवड्यातच कचेरीचं उत्तर आलं. ‘आपणास कादंबरीचा दुसरा भाग लिहिण्यास परवानगी देण्यात येत आहे. मात्र सर्व पात्रांची संपूर्ण नावे, आडनावासह, विहित नमुन्यात सादर करावीत.’ मी ते फाईलला लावलं. दुसरा भाग लग्नाच्या प्रकरणाशी अडला तो अडलाच. पुढचं लिहायला मला फुरसत राहिली नाही.

लग्नाला शालूबाई तात्यांच्या जीपमधून आल्या. एक मंगलाष्टक झालं, वंदना झाली, आणि मग ठरल्याप्रमाणे सगळे भोवती उभे राहून ओरडले, "आमची साक्ष आहे!" तात्यांचा आवाज इतका मोठा होता की शेजारच्या कार्यालयातल्या नवरदेवाने घाबरून अंतरपाट दूर व्हायच्या आधीच हार घातला. म्हातारी पुढे होऊन दोघांच्या तोंडावरून हात फिरवून मला म्हणाली, "मधी सोडली न्हाईसा. बरं केलासा."

मग ती पंगतीला बसली. तांबड्या रश्शाची वाटी तोंडाला लावणार, तेवढ्यात शेजारच्या पाटावरच्या गृहस्थाने, तो कुणाकडचा होता ते मला अजून कळलेलं नाही, कोल्हापुरी अगत्याने विचारलं, "आजी, तुमी पोराकडच्या का पोरीकडच्या?"

"मी डोंगराकडची," शालूबाई म्हणाल्या.

गृहस्थाने समजल्यासारखी मान डोलावली. मग जरा वाकून त्याने मला हळूच विचारलं, "डोंगर म्हंजे, जोतिबाचा का पन्हाळ्याचा?"